रॉबिन्सन कुटुंब सांगलीत आलं तर?

हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर एकाच लॅपटॉपभोवती सात-आठ डोकी दिसली, तर खुशाल समजावं की कुठेतरी जग बुडतंय! ‘लॉस्ट इन स्पेस’ घ्या (1965 ची जुनी नव्हे, 2018 ते 2021 मधली नवी) नाहीतर 2021 साली सुरू झालेली ‘ला ब्रिया’, साचा एकच. आकाश कोसळतं किंवा जमीन फाटते, एक कुटुंब त्यात सापडतं आणि आई-बाबा-मुलं मिळून वाट काढतात. मलाही या सिरीयल्स आवडतात. रॉबिन्सनांची आई इंजिनिअर आहे, हे तर फारच आवडतं! पण माझी एक तक्रार आहे. यात घर वाचतं ते घरातल्यांच्या हिमतीवर. बाकीचं गाव फक्त तोंडी लावायला.

मी सातारची, शिकते सांगलीत. या दोन्ही जिल्ह्यांनी प्रलय पडद्यावर नाही, अंगावर पाहिलाय. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली, धरणाला तडे गेले. धरण टिकलं आणि पुढे ते मजबूत केलं गेलं. सांगलीत 2005, 2019 आणि 2021 ला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला तर पुरातून माणसं बाहेर काढणारी बोटच उलटली. मित्रांनो, त्या बोटीतल्या आयांची हिंमत रॉबिन्सनबाईंपेक्षा कमी होती का? हिंमत होती, पुरेशा बोटी नव्हत्या.

म्हणून मला वाटतं, आपल्या प्रलयाची सिरीयल वेगळी हवी. जयंत नारळीकरांनी मुंबईत बर्फ पाडून दाखवला, मग आपल्याला कृष्णाकाठची कथा का जमू नये? आणि इथला सस्पेन्स तर भन्नाट आहे, कारण आपलं संकट सांगून येतं! कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं, मग सांगलीकडे निघतं. धरणाचे दरवाजे उघडल्यापासून ते इथे पोचेपर्यंत बरेच तास हातात असतात. त्या तासांत पाऊस मोजणारा, विसर्गाचा आकडा कळवणारा, पुलावरची पातळी वाचणारा, गल्लीत रिक्षावर भोंगा लावून फिरणारा आणि “आजी, आता निघायचं” म्हणून म्हातारीला उचलणारा शेजारी, ही सगळी साखळी म्हणजे हीरो. एक कडी तुटली की खेळ खलास.

यात रोबोट नाही, लेझर नाही, हे मान्य. पण इंजिनिअरिंग आहे, आणि ते आपलं आहे. आपल्याला पूर टाळता येणार नाही कदाचित. आकडा वेळेवर पोचवणं मात्र नक्की जमेल.

तेव्हा माझी साधी सूचना : येत्या पावसाळ्यात मेसच्या मेन्यूशेजारी एक फळा लावूया. त्यावर रोज दोन आकडे लिहायचे, कोयनेचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी. खाली नदीकाठच्या गावांतून येणाऱ्या आपल्या मुलामुलींची, मेसच्या मावशींची आणि वॉचमनकाकांची नावं. पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला लागलं, की त्यांच्या घरी पहिला फोन आपण करायचा. रेक्टर सर, खडूचा खर्च आमचा, भिंत तेवढी तुमची द्या!