देवाला नव्हे, दाव्याला हात घाला

“देवाच्या गोष्टीत तर्क चालत नाही. देव आहे असे सिद्ध करता येत नसेल, तर नाही असे तरी कुठे सिद्ध करता येते?” हे वाक्य आपल्या समाजात फार प्रतिष्ठा पावले आहे. कीर्तनाच्या मंडपात ते ऐकू येते, लग्नाच्या पंगतीत ऐकू येते आणि शिक्षकांच्या खोलीत तर मधल्या सुटीच्या चहाबरोबर येते. म्हणणारा ते अशा थाटात म्हणतो की, जणू वाद संपला! माझे म्हणणे असे की, वाद तेथे संपत नाही. वादातून तेथे पळ काढला जातो.

मी तत्त्वज्ञानाचा पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजची पायरी मी चढलो नाही. परंतु वर्षानुवर्षे वर्गात उभे राहिल्याने एक गोष्ट पक्की कळली आहे. उत्तर चुकले, की पोर आपले म्हणणेच बदलते. “मी तसं म्हटलंच नव्हतं, गुरुजी!” पोराचे हे हसून सोडून द्यावे. मोठ्या माणसांचे सोडू नये.

देवाविषयीची सगळी विधाने एका जातीची नसतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. ‘परमेश्वर निर्गुण, निराकार, वाणीच्या पलीकडचा आहे’ असे कुणी म्हटले, तर ते खोडून काढण्याचे साधन कुणापाशीही नाही. कारण ते खरे असो वा खोटे, पाऊस तितकाच पडतो आणि ताप तितकाच चढतो. असे म्हणणाऱ्याशी माझे भांडण नाही. त्याने आपल्या देवघरात सुखाने डोळे मिटून बसावे.

परंतु ‘देव निरिच्छ आहे’ असे सकाळी सांगायचे आणि ‘नवस फेडला नाहीस म्हणून देव कोपला’ असे संध्याकाळी सांगायचे, ही दोन्ही विधाने एकाच देवाविषयी खरी असू शकत नाहीत. ज्याला काही नको, तो नारळासाठी रागावत नाही. दोहोंपैकी एक तरी खोटे आहे, हे घरबसल्या सिद्ध होते. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. नवसाने मुले होतात या समजुतीची टर तुकोबांनी उडविली, ती काय नास्तिक म्हणून?

तिसरी जात म्हणजे जगात अमुक घडते असे सांगणारी विधाने. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी आवई उठली आणि दिल्लीपासून लंडनपर्यंत देवळांपुढे रांगा लागल्या. सरकारच्या शास्त्रज्ञांनी काय केले? दुधात रंग मिसळला. चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळते. पांढऱ्या दगडावर पांढरे दूध दिसत नाही. रंगीत दूध दिसते. इतकी साधी गोष्ट! आता गंमत पाहा. रांगेत असताना ज्यांचे म्हणणे ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहा’ असे होते, तेच ओघळ दाखविताच म्हणू लागले, “हे श्रद्धेच्या डोळ्यांनी पाहायचे असते!” अहो, मग चमचा कशाला आणला होता?

अमेरिकेत २००६ साली याहून गंभीर प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. हृदयावर शस्त्रक्रिया व्हावयाच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. प्रार्थना होईल की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांपैकी एकासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी नाही. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली ती अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के रुग्णांना. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. यावरून देव नाही असे ठरले काय? मुळीच नाही. ठरले ते इतकेच, की तिऱ्हाइतांनी केलेल्या त्या प्रार्थनेचा गुण त्या रुग्णांच्या प्रकृतीत दिसला नाही. “देव काही प्रयोगाला बांधलेला नाही,” असे यावर कुणी म्हणेल. मान्य. पण मग बरा झालेला एखादा रुग्ण पुढे करून ‘पाहा प्रार्थनेचा प्रताप’ असेही म्हणता येणार नाही. जमेची बाजू देवाच्या नावावर आणि खर्चाची कुणाच्याच नाही, असा हिशेब वाण्याच्या दुकानातसुद्धा चालत नाही.

हे परक्यांकडून उसने आणलेले तर्कट आहे असे कुणी समजू नये. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरल्याची बावीस स्थाने सांगितली आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. आपली प्रतिज्ञा सोडली की हरलात. आक्षेप येताच प्रतिज्ञा बदलली, तरी हरलात. वेदांचा कट्टर कैवारी कुमारिल भट्ट, पण जगाचा कुणी कर्ता आहे हे मत तो खोडून काढतो. सृष्टीपूर्वी जीवच नव्हते, तर करुणा कुणाची आली? आणि करुणेने जग रचले, तर त्यात एवढे दुःख कशाला? पुढे उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहून ईश्वराची बाजू मांडली. ती युक्तिवादाने, भावना दुखावल्याची फिर्याद करून नव्हे. ईश्वर मानणारे व न मानणारे दोघेही हा प्रश्न वादाला योग्य समजत होते. तो वादापलीकडे नेऊन ठेवला तो आपण.

हा काही पंडितांचा खेळ नव्हे. साप चावलेल्या पोराला मांत्रिकापुढे निजविले जाते, तेव्हा पळणाऱ्या प्रत्येक मिनिटाची किंमत ते पोर मोजते. आणि ते दगावले की दावा बदलतो: “त्याची वेळच भरली होती!” अशा दाव्यांना जाब विचारणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. देव आहे की नाही, हे तो कायदा विचारीत नाही. सर्पदंशाच्या रोग्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र केले काय, एवढे तो विचारतो. नेमका तोच प्रश्न विचारण्याजोगा आहे.

माझ्या बुद्धिवादी स्नेह्यांनाही दोन शब्द सुनावतो. चमच्यातले दूध कुठे गेले हे कळले, म्हणून निर्गुण ब्रह्माचा निकाल लागत नाही. जितके खोडले तितकेच खोडले म्हणावे. त्याहून अधिक म्हणणारा आपणही प्रतिज्ञा बदलत असतो.

या दिवाळीत घरी पाहुणे येतील, फराळ होईल आणि कुणीतरी एखाद्या जागृत देवस्थानाची कथा सांगेल. ती ऐकावी. मग चकल्यांची बशी पुढे करून नम्रपणे विचारावे, “काका, काय घडलं असतं, म्हणजे ही गोष्ट खोटी असं तुम्ही मानलं असतं?” उत्तर मिळाले, तर खुशाल रात्रभर वाद घालावा. “काहीही घडलं तरी मानलं नसतं,” असे उत्तर आले, तर तो दावा नव्हे, ती भक्ती आहे. तिला नमस्कार करावा. पण तिच्या शब्दावर रोग्याला दवाखान्यातून घरी आणू नये.