जलशुद्धीलाही ‘अपुनर्भव’ परीक्षा हवी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश आणि काल या चार भावांचा विचार आला आहे. हे भाव विकृत झाले म्हणजे प्रकृती, आहार, बल आणि वय भिन्न असणारी माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, असे आचार्यांचे प्रतिपादन आहे. उदकदुष्टीचा विचार करताना आपण सामान्यतः गढूळपणा, दुर्गंध आणि कृमी यांपाशी थांबतो. परंतु दिसण्यास निर्मळ असूनही जनपदाला घातक ठरू शकेल, असे उदक आज आपल्या देशात आहे. त्यातील दोष म्हणजे कोणतेही विष नसून आपण रुग्णाला देतो ते प्रतिजैविक औषधच आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य जगाला प्रथम जाणवले ते हैदराबादनजीकच्या पटणचेरू येथे. सुमारे ९० औषधनिर्मिती कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तेथील सामाईक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनमधील संशोधक योआकिम लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. शुद्धीकरणानंतरच्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण प्रतिलिटर ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यानंतर रक्तात या औषधाची जी कमाल मात्रा पोहोचते, तिच्या दहापटीहून हे प्रमाण अधिक आहे. त्या काळी हे पाणी इसकावागू व नक्कावागू या ओढ्यांतून मांजरा नदीस आणि पुढे गोदावरीस जाऊन मिळत असे. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि गोदावरी त्र्यंबकेश्वरी, हे आपणांस सांगावयास नको.

अशा पाण्यात सर्व जीवाणू मरत नाहीत. जे उरतात ते औषधास दाद न देणारे असतात आणि तो गुण जनुकांच्या देवघेवीतून इतर जातींच्या जीवाणूंनाही देतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत एनडीएम-१ हे प्रतिरोधक जनुक आढळले होते. प्रतिरोधक जीवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

या दोषावर उपाय म्हणून सध्या नॅनोद्रव्यांचा मोठा गाजावाजा आहे. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांची ही द्रव्ये होत. एक घन सेंटिमीटर द्रव्याचे १० नॅनोमीटरचे तुकडे केल्यास त्याचे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. त्यांच्या सामर्थ्याचे मर्म येथेच आहे. ग्राफीन ऑक्साइड, कार्बनच्या नॅनोनलिका व चुंबकीय लोहकण प्रतिजैविकाचे रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण अतिनील प्रकाशात अत्यंत क्रियाशील मूलके उत्पन्न करून त्या रेणूंचे विघटन करतात. या विद्येची उपेक्षा करण्याचे कारण नाही. चेन्नईच्या आय. आय. टी.मधील प्रा. टी. प्रदीप यांनी नॅनोद्रव्यांच्या साहाय्याने पाण्यातील कीटकनाशके आणि आर्सेनिक दूर करण्याच्या पद्धती प्रत्यक्ष वापरापर्यंत नेल्या, हे सर्वश्रुत आहे.

असा विषय निघाला की आपल्या परिषदांतून एक वाक्य हमखास ऐकू येते: “आमची भस्मे म्हणजे नॅनोच! हे तर आम्हांस पूर्वीपासूनच ठाऊक होते.” सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे कण आढळल्याचे आधुनिक परीक्षणांतून दिसले आहे, हे खरे. तथापि केवळ कण सूक्ष्म झाला म्हणून रसशास्त्राने भस्म स्वीकारले नाही. वारितर व रेखापूर्ण या परीक्षा सूक्ष्मतेच्या आहेत. त्यांपुढे अपुनर्भव परीक्षा सांगितली आहे. मित्रपंचकासह तीव्र अग्नी देऊनही जे पुन्हा धातुरूपात येत नाही, तेच भस्म सिद्ध. आपल्या शास्त्राकडून या चर्चेस काही द्यावयाचे असेल, तर ती ही कसोटी होय. पाण्यातून काढलेला दोष पुन्हा परतणार नाही ना, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

या कसोटीवर नॅनोद्रव्ये अद्याप पूर्णतः उतरत नाहीत. शोषणाच्या पद्धतीत औषध नष्ट होत नाही. ते पाण्यातून कणांवर जाते. ते कण उघड्यावर टाकले, तर दोष पावसाबरोबर पुन्हा ओढ्यात येणार. विघटनाच्या पद्धतीत प्रक्रिया अर्धवट राहिली, तर उरलेल्या तुकड्यांत जीवाणुनाशक गुण शिल्लक राहू शकतो. प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात दिसणारी कार्यक्षमता कारखान्याच्या क्षार व सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या सांडपाण्यात तशीच राहत नाही. ती क्रियाशील मूलके इतर द्रव्यांवरच खर्ची पडतात. सर्वांत विचार करावयास लावणारा निष्कर्ष २०१२ मधील आहे. ॲल्युमिनाचे नॅनोकण पाण्यात असता जीवाणूंमधील प्रतिरोधक जनुकांची देवघेव २०० पटींपर्यंत वाढू शकते, असे त्या प्रयोगांत दिसून आले. चिकित्साच निदान बनण्याचा हा प्रकार होय.

म्हणून नॅनोद्रव्यांचे योग्य स्थान कोणते, हे ठरविले पाहिजे. माझ्या मते ते नदीत नाही आणि घरच्या नळाशीही नाही. ते कारखान्याच्या आतच आहे. तेथे सांडपाण्याचा व्याप थोडा, औषधाची मात्रा अधिक आणि घटक ज्ञात असतात. एकदा ते पाणी सामाईक केंद्रातील जीवाणूंच्या गाळात मिसळले की प्रतिरोधाची जणू पाठशाळाच सुरू होते. कण पटलावर किंवा दाण्यांवर घट्ट बसविलेले असावेत, वापरलेले द्रव्य उच्च तापमानात जाळले जावे आणि शुद्ध केलेल्या पाण्याची जीवाणूंवर परीक्षा व्हावी. इतके झाले तरच ‘अपुनर्भव’ म्हणता येईल.

मात्र कोणताही कारखानदार हा खर्च स्वेच्छेने करील, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये औषधकारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादांचा मसुदा काढला होता. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळण्यात आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केल्यानंतर तरी त्या मर्यादा पुन्हा आणल्या जाव्यात, अशी मागणी आपल्या संघटनेने करणे उचित होईल. तारापूर, कुरकुंभ, लोटे येथे औषधनिर्मिती होत असताना महाराष्ट्रातील वैद्यांनी या प्रश्नी मौन बाळगणे शोभत नाही.

आणि आता थोडे अप्रिय. सर्व दोष कारखान्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या तोंडावाटे घेतलेल्या मात्रेपैकी जवळजवळ निम्मा भाग मूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. १९९२ व १९९९ च्या शासकीय अधिसूचनांच्या आधारे आपल्यापैकी अनेकजण प्रतिजैविके लिहितात. साध्या प्रतिश्यायात, “लवकर बरे करा” असा रुग्णाचा आग्रह असता, मीही ती पूर्वी लिहिली आहेत. काही वर्षांपूर्वी मूत्रमार्गाच्या संसर्गाने पीडित एका वृद्ध मातेचा तपासणी अहवाल हाती आला. त्यात बहुतेक प्रत्येक औषधापुढे ‘प्रतिरोधक’ असा शेरा होता. त्या अहवालात माझ्या लेखणीचा वाटा किती, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडीत नाही.

निदानपरिवर्जन ही आपल्या चिकित्सेची पहिली पायरी आहे. ती सोडून कितीही सूक्ष्म कण पाण्यात सोडले, तरी व्याधी परतणारच. कारखान्याच्या दारी कायदा हवा, त्याच्या आत नॅनोद्रव्यांची परीक्षित योजना हवी आणि आपल्या चिकित्सालयात लेखणीचा संयम हवा. यांपैकी तिसरी गोष्ट उद्या सकाळपासून करण्यास कोणाच्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. इत्यलम्।