पाचटाचा धूर आणि घरातला दमा



या पानावर मी आपल्याशी नेहमी बोलतो ते बेण्याविषयी, खताच्या मात्रेविषयी, नाहीतर हुमणीविषयी. या खेपेस विषय वेगळा आहे. मी कृषी पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणाला कोणते औषध द्यावे हे मी सांगणार नाही. पण घरात दमेकरी लेकरू असलेला बाप आणि शेतकी खात्याचा माणूस, अशा दोन्ही नात्यांनी चार शब्द बोलल्यावाचून राहवत नाही.

गोष्ट २०१९ च्या फेब्रुवारीतली. गाळप ऐन भरात होते. भावाच्या मुलाच्या जावळासाठी आम्ही सगळे गावाकडे गेलो होतो. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिचा पंप आईने पिशवीतून काढून घरीच ठेवला होता. "आरं, पावण्यारावळ्यांत पोरीच्या जातीनं तोंडाला पंप लावायचा व्हय? उद्या सोयरीक कोण करंल?" असे तिचे म्हणणे. एका रात्रीचे तर काम, म्हणून मीही गप्प बसलो. त्यात रोज घ्यायचा दुसरा पंप दिवाळीनंतर मीच बंद केला होता. पोरगी ठणठणीत आहे, मग रोज औषध कशाला, हा माझा शहाणपणा.

दिवस मावळताना थोरल्या बंधूंनी घरामागचा तुटलेला ऊस मोकळा केला, म्हणजे पाचट पेटवले. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी धूर वर चढत नाही, वस्तीवर बसून राहतो. रात्री अकराला पोरीला धाप लागली. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, दोन शब्द सलग बोलता येईनात. तालुक्याच्या गावी दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिचे ओठ काळेनिळे पडले होते. ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ दिली, पहाटे ती झोपली. डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले. रोजचा पंप कधीपासून बंद आहे? आणि जवळचा पंप कुठे आहे? दोन्हीला मला उत्तर देता आले नाही. आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. चारच दिवसांपूर्वी शेजारच्या गटात मी 'पाचट जाळू नका' या विषयावर तासभर भाषण ठोकून आलो होतो.

दमा म्हणजे नुसता कफ नव्हे. फुप्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्या आतून सुजलेल्या असतात. धूर, धूळ, परागकण किंवा सर्दीचे निमित्त झाले की त्या आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि श्वास बाहेर सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. धाप नसतानाही सूज आत असतेच, आणि आपली फसगत इथेच होते. आपण बेणेप्रक्रिया करतो ती काणीचा पट्टा बाहेर पडल्यावर करतो का? रोजचा पंप असतो तो ही सूज उतरवण्यासाठी. दुसरा, बहुधा निळा, तो आवळलेली नळी लगेच मोकळी करण्यासाठी. पुष्कळ घरांत नुसता निळाच वापरतात. त्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, सूज आहे तिथेच राहते. निळा वरचेवर लागू लागला तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे.

"पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही," हे मी पारावर आणि गट ऑफिसात इतक्या वेळा ऐकले आहे की मोजदाद नाही. हिशेब असा आहे. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची असते. पंपाच्या एका झुरक्यात १०० मायक्रोग्रॅम असते. गोळी सबंध अंगात फिरते, झुरका थेट छातीत जातो. ठिबकमधून मुळाशी खत दिले की थोडक्यात भागते हे ज्याला पटते, त्याला हे पटायला हरकत नसावी. रोजच्या पंपात स्टिरॉइड असते हे खरे, पण मात्रा थोडी. घेतल्यावर चूळ भरून टाकावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते. लहान मुलाला पंप स्पेसरच्या नळकांड्यातूनच द्यावा, नुसता तोंडात मारला तर बरेचसे औषध घशातच राहते.

कोजागिरीची खीर, हैदराबादचा मृगाचा मासा, आमच्या घरी सगळे झाले. श्रद्धेवर मी बोलत नाही. त्यासाठी पंप बंद करू नये, एवढेच. केळी, दही, भात सरसकट तोडून पोर वाळवण्यातही अर्थ नाही.

घरातल्या धुराकडे मात्र बघावे. गॅस आला, तरी अंघोळीचे पाणी अजून चुलवणावरच तापते, आणि त्यात पाचट, भुसकट, वेळप्रसंगी प्लास्टिकची पिशवीसुद्धा जाते. रात्री डासांची कॉइल, आजोबांची विडी, बांधावरचे गाजरगवत ही यादी ज्याने त्याने आपल्या घरापुरती करावी.

आता पाचट. हेक्टरी ८ ते १० टन निघते. ते सरीत पसरून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, की जागेवर खत होते, पाणी वाचते, तण दबते. हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. लोक माना डोलावतात आणि काडी लावतात. उंदीर होतात, पहिले पाणी सरकत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही. पण पहिल्या पाण्याचा त्रास एकदाच असतो, आणि कुट्टी केली तर तोही कमी होतो. धूर मात्र शेजाऱ्याच्या अंगणात जातो, तोडकऱ्यांच्या कोपीत जातो. तिथे तान्ही पोरे जमिनीवर निजलेली असतात आणि कोपीला बंद करायला दारही नसते.

बंधूंनी त्यानंतर पाचट पेटवले नाही. त्यांना मी काही बोललो नव्हतो. त्या रात्री गाडी तेच चालवत होते.

मुलगी आज सायकलवरून शाळेत जाते, पळण्याच्या शर्यतीतही उतरते. पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात असतो, आणि तो भरला की नाही हे रोज सकाळी आईच बघते. ज्यांच्या घरी दमेकरी आहे त्यांनी शाळेतल्या गुरुजींना पंप कुठे आहे ते सांगून ठेवावे. धाप वाढली, बोलता येईना, तर माणसाला आडवे करू नये. बसते करावे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे निळा पंप द्यावा आणि थांबून न बघता १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने निघावे.

ज्या सभासदांचा ऊस येत्या पंधरवड्यात तुटणार आहे, त्यांनी पाचट कुट्टीसाठी गट ऑफिसात नाव नोंदवावे. ज्यांच्या रानालगत वस्ती किंवा कोप्या आहेत, त्यांची नावे मी यादीत वर घेणार आहे. यावर कोणाची तक्रार असेल तर ती माझ्याकडे यावी, चिटबॉयला बोलू नये.

— ऊस विकास अधिकारी