जुनी नळी आणि कारागिराचे बोट
नव्या मोटारींत विद्युत पॉवर स्टिअरिंग रूढ झाले असले, तरी जुन्या मोटारी आणि बहुतेक अवजड वाहने आजही तेलाच्या दाबावरच वळतात. त्यामुळे धोका संपलेला नाही. जीर्ण रबरी नळ्यांसह तो छोट्या गॅरेजांकडे सरकला आहे. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून धरल्यास नळीतील दाब 70 बारच्याही पुढे जातो. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदू शकते. जखम क्षुल्लक दिसते. पण शस्त्रक्रियेस विलंब झाल्यास बोट गमवावे लागते. म्हणून गळती हाताने नव्हे, पुठ्ठ्याने शोधावी. इंजिन बंद करून, तेल निवल्यावरच नळी सोडवावी. तेवढी उसंत कारागिराला देणे, ही गाडीमालकाचीही जबाबदारी आहे.