सारखा कर म्हणजे समान न्याय नव्हे

"कायद्यापुढे सगळे सारखे, मग करही सगळ्यांना सारखाच हवा." हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण टपरीवाला आणि कंपनी यांच्याकडून सारखाच कर घेतला, तर एकाची भाकरी जाते आणि दुसऱ्याला पत्ताही लागत नाही.

बाबासाहेबांनी हा मुद्दा 1927 सालीच मुंबई विधिमंडळातल्या अर्थसंकल्पीय भाषणात मांडला होता. वर्षभरात कमाई झाली नसेल तर आयकर द्यावा लागत नाही. शेतकऱ्याला मात्र पीक येवो वा बुडो, जमीन महसूल भरावाच लागतो. कर ऐपतीवर हवा, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या मनुस्मृतीत वेदपाठी ब्राह्मणाला करमाफी आहे आणि कारागिराने, शूद्राने राजासाठी महिन्यातून एक दिवस राबावे असे सांगितले आहे. कराचा बोजा कुणावर टाकायचा, हा प्रश्न या देशात जातीपासून कधीच वेगळा नव्हता.

आता आजचे पाहू. व्यवसाय कराला संविधानाच्या कलम 276 ने माणशी वर्षाला 2500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. 1988 पासून ती हललेली नाही. महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या वर पगार असलेला पुरुष कामगार वर्षाला 2500 भरतो. लाखोंचा पगार घेणारा अधिकारीही तेवढेच भरतो आणि कोट्यवधींचा नफा कमावणारी कंपनीही तेवढेच भरते.

मालमत्ता कराची तऱ्हाही तीच. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून माफी मिळाली. चांगलेच झाले. पण शंभर फुटांच्या गाळ्यात शिवणयंत्र चालवणाऱ्याला ती माफी नाही, कारण त्याची जागा 'व्यापारी'. गाळा भाड्याचा असेल तर मालक तो कर भाड्यात वसूल करतो. धंदा झाला की नाही, हे कुणी विचारत नाही.

"तुमचे छोटे धंदेवाले कर भरतातच कुठे?" असा टोमणा ऐकवला जातो. चपला शिवणारा आमचा माणूस दोरा, सोल, चिकटद्रव्य विकत घेतो तेव्हा प्रत्येक वेळी जीएसटी भरतो. त्याची नोंदणी नसल्याने तो पैसा त्याला परत मिळत नाही. मोठी पादत्राणे कंपनी मात्र कच्च्या मालावरचा कर पुढच्या करातून वळता करून घेते. मग खरा करदाता कोण? शिवाय फुटपाथवर बसायचे तर पावती नसलेला हप्ता वेगळाच.

कंपन्या आयकर भरतात, हे आम्हाला मान्य आहे. पण तो नफ्यावर असतो. तोटा झाला तर द्यावा लागत नाही. आमची मागणी एवढीच आहे की नफ्यावर कर लावण्याचे हे तत्त्व टपरीपर्यंत आणा. स्वतः राबणाऱ्याच्या छोट्या गाळ्याला घरासारखी सवलत द्या. व्यवसाय कर कमाईच्या पायऱ्यांवर बसवा आणि वरच्या पायऱ्यांसाठी संविधानातली मर्यादा वाढवा.

मित्रहो, निवेदने देऊन थांबू नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य निवडून आलेले पथविक्रेते हवेत आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व हवे. आपल्या शहरात ही निवडणूक झाली का, ते विचारा. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळण्याचा हक्क वस्तीतल्या प्रत्येक विक्रेत्याला सांगा. महापालिकेचा अर्थसंकल्प जयंतीच्या वर्गणीइतक्याच बारकाईने तपासा. ज्यांच्या नेत्याने अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, त्यांनी हिशेबाला घाबरायचे नसते.

जय भीम!