जुने घर भाड्याने द्यावे, भाडेपट्ट्याने नव्हे



पर्यटकांना भाड्याने देऊन कोकणी माणसाने आपली जुनी कौलारू घरे बाटवली, असा सूर हल्ली वारंवार ऐकू येतो. श्रीवर्धन-दिवेआगरात येऊन कुणी हे म्हणावे! ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. कौले उडालीच, पण खरा घाव सुपारीच्या वाड्यांवर बसला. पोफळी आडव्या झाल्या, आणि नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे जातात. सुपारीच्या पैशांवर दर उन्हाळ्यात शाकारणी व्हायची, तो पैसाच आटला. त्यात घराला हिस्सेदार डझनभर. वाशाला वाळवी लागली की एकही फोन उचलत नाही. घरांवर पत्रे चढले ते यामुळे, मालकांची अभिरुची बिघडली म्हणून नव्हे. कौले राखण्याचा खर्च शनिवार-रविवारच्या पाहुण्यांकडून निघत असेल, तर त्यात बाटण्यासारखे काय आहे?

माझा आक्षेप आहे तो घर सबंध भाडेपट्ट्याने बाहेरच्या व्यावसायिकाच्या हाती देण्याला. मालक माजघरात राहून पडवीकडच्या दोन खोल्या देतो, तेव्हा पहिल्या सरीतला ठिपका त्याला त्याच दिवशी दिसतो. व्यावसायिक एसीसाठी कौलांखाली छत ठोकतो. मग गळती दिसतच नाही. दिसते तेव्हा वासे कुजलेले असतात. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट, म्हणजे भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडायची वाटच बंद. त्याचा करार संपतो, घर मात्र मालकाच्या गळ्यात.

घरे अशी बाहेरच्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्ज गावाने २०१६ मध्ये सार्वमत घेतले. नवी घरे कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत, असा कौल ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी दिला. बंधन नव्या घरांपुरतेच असल्याने सुट्टीपुरते घर हवे असणाऱ्यांना जुन्या कॉटेजचा रस्ता मोकळाच राहिला. आपण सुरुवात जुन्या घरांपासून करावी.

सरकारच्या न्याहारी-निवास योजनेत अशा घराची नोंदणी करताना दोनच गोष्टी आधी पाहाव्यात: छप्पर कौलांचे आहे का, आणि घरात कोण राहते. मालक थकला असेल, मुले मुंबईत असतील, तर शेजारी किंवा गावातला बचत गट चालेल. अशा घरांना ग्रामपंचायतीने घरपट्टीत सूट द्यावी. त्यासाठी लागणारा निधी सरकारने ग्रामपंचायतीला द्यावा. वादळानंतर तिची तिजोरीही रिकामीच आहे.

– एक घरमालक, ता. श्रीवर्धन, जि. रायगड