एका वेलांटीचे बारा हजार



पहिले सत्र संपले की आम्ही पालक संघाचे चार-पाच जण शाळेच्या पायरीवर बसून सत्राचा हिशेब मांडतो आणि तो या पानावर वाचकांपुढे ठेवतो, हे आता नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. जूनच्या मध्यात शाळा उघडली, दिवाळीच्या सुट्टीला बंद झाली. मधल्या चार महिन्यांत कोकणात जेवढा पाऊस पडायचा तेवढा पडला, वर्गाचे एक कौल नेहमीच्या जागी गळले आणि नेहमीप्रमाणे त्याखाली बादली ठेवून नववीचा भूगोल चालू राहिला.

आधी आनंदाच्या गोष्टी. मुलींचा कबड्डीचा संघ सतरा वर्षांखालील गटात तालुक्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दोन गुणांनी हरला. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. "मैदानात काय घालून खेळणार?" या प्रश्नावर गाडी अडायची. यंदा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅक पॅन्ट आणि ज्यांना हवा त्यांना डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, असा गणवेश पालकांच्या सभेत दहा मिनिटांत ठरला. अंतिम सामन्याला सात मुलींचे मिळून अकरा अब्बा-चाचा हजर होते, त्यातले दोघे पंचांशी भांडलेसुद्धा. भांडण चूक होते, पण आम्हांला मनातून बरे वाटले.

चित्रकलेच्या शासकीय परीक्षेला आठवी-नववीची मुले बसली. इंटरमिजिएटची परीक्षा पास झाले तर दहावीला श्रेणीप्रमाणे सात, पाच किंवा तीन वाढीव गुण मिळतात, हे अजून पुष्कळ घरांत माहीत नाही. चित्रकला म्हणजे वेळ घालवणे, असे समजणाऱ्या पालकांनी निदान हे गुण तरी लक्षात घ्यावेत. इन्स्पायर पुरस्कार योजनेसाठी शाळेने मुलांच्या कल्पना पाठवल्या. त्यात आठवीतल्या एका मुलाने सुकी मासळी वाळवायला जाळीची पेटी सुचवली आहे, म्हणजे पावसाळी हवेतही माशी बसणार नाही आणि मांजर तोंड घालणार नाही. कल्पना त्याच्या दादीची, आकृती त्याची. निवड झाली तर नमुना करायला दहा हजार रुपये मिळतात. दादीने आत्ताच निम्मा वाटा मागून ठेवला आहे.

शिक्षक दिनाला दहावीच्या मुलांनी खालचे वर्ग घेतले. एका मुलीने फातिमा शेख यांच्यावर भाषण केले. जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, त्या घरातल्या फातिमा सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवत होत्या, हे सारे तिने नीट सांगितले. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेराहून, म्हणजे नायगावहून, जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमांचा उल्लेख आहे, हेही ती बोलली. मग तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्या बाईंचा आपल्यापाशी लेखी पुरावा किती थोडा! नाव कुठेतरी लिहिलेले असावे लागते." टाळ्या झाल्या, आणि आम्ही मागच्या बाकावर बसलेले एकमेकांकडे बघू लागलो. कारण त्या आठवड्यात शाळेच्या ऑफिसात एका नावावरूनच रडारड चालली होती.

ती हकीकत आता सविस्तर सांगतो. मुलीच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने सांगतो आहोत, पण तिचे नाव देत नाही.

आठवीत असताना ही मुलगी एन.एम.एम.एस.च्या परीक्षेला बसली होती. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठीची ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आपल्या राज्यात पुण्याची परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. दोन पेपर, प्रत्येकी नव्वद प्रश्न : एक बुद्धीचा, एक शाळेच्या विषयांचा. सरकारी, पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांना बसता येते. सातवीला पंचावन्न टक्के हवेत आणि आईवडिलांचे वर्षाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला एक हजार, म्हणजे वर्षाला बारा हजार रुपये मुलाच्या खात्यात जमा होतात. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार. मधे दहावीला साठ टक्क्यांच्या खाली घसरायचे नाही, अशीही अट.

या मुलीची निवड झाली. वडील रिक्षा चालवतात, घरात तीन भावंडे. बारा हजारांत काय काय होईल याची यादी त्या घरात आधीच तयार होती आणि यादीत पहिले होते दहावीनंतर तालुक्याच्या कॉलेजला जायचा एस.टी.चा पास. पास नसेल तर कॉलेज नाही, हे कुणी मोठ्याने बोलले नव्हते, पण मुलीला माहीत होते.

नववीत आल्यावर केंद्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा असतो. अर्ज भरला, शाळेने पडताळला, पुढे गेला आणि अडकून परत आला. कारण काय? शाळेच्या रजिस्टरवर, आणि म्हणून निवड यादीतही, मुलीच्या नावात वडिलांचे नाव 'रहिमान' होते. आधार कार्डावर 'रहमान'. एका वेलांटीचा फरक! इंग्रजीत एका अक्षराचा. माणसाला तो दिसतही नाही, संगणकाला त्याच्यापलीकडे काही दिसत नाही.

ही वेलांटी आली कुठून? मुलीला पहिलीत घालायला तिचे दादा गेले होते. त्यांनी तोंडी नाव सांगितले, गुरुजींनी कानावर आले तसे लिहिले. दोघांचीही चूक म्हणवत नाही. आपल्या घरांत हे नेहमीचेच आहे. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, महमद, नुसतेच मो. इंग्रजीत तर एमडी लिहिणारेही आहेत, म्हणजे मूल पाळण्यातच डॉक्टर! शेख आणि शैख, सय्यद आणि सैय्यद. आईच्या नावापुढे एका कागदावर बी, दुसऱ्यावर बेगम, तिसऱ्यावर काहीच नाही. कोकणात तर एका भावाचे आडनाव घराण्याचे आणि दुसऱ्याचे गावाचे, असेही आहे. जन्मतारखेचे तर विचारूच नका. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख सोयीची धरली. आमचे निभावून गेले, कारण तेव्हा कागद एकमेकांशी बोलत नव्हते. आता बोलतात.

निकाल लागल्यावर परीक्षा परिषद नावातल्या चुका सुधारायला थोडी मुदत देते. ती मुदत आली रमजानच्या तोंडावर. शाळेने सूचना फळ्यावर लावली होती, मुलीने वाचली होती, आपल्या नावात काही चूक आहे हेच तिला माहीत नव्हते. घरी कुणी कागदाशी कागद लावून पाहिला नव्हता. आम्ही पालक संघाचे म्हणवतो, आम्हीही पाहिला नव्हता. ते आमच्याकडून राहिले, हे इथे लिहून ठेवतो.

मग प्रश्न उभा राहिला, दुरुस्ती कुठे करायची? नातेवाइकांचा सल्ला होता की आधारवर वेलांटी वाढवा, चार दिवसांत काम होईल. आधारमधले नाव आयुष्यात दोनदा बदलता येते, त्यातली एक संधी वापरा आणि पैसे सोडवा. आमच्यापैकी दोघांचे मतही तेच होते. मुदत डोक्यावर होती. पण शाळेच्या जुन्या लिपिकांनी त्या वडिलांना बाकावर बसवले आणि विचारले, "तुमच्या स्वतःच्या आधारवर काय आहे? रेशन कार्डावर? लायसनवर? मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर?" सगळीकडे 'रहमान'. "मग चुकीचा कागद एकच आहे, शाळेचा. त्याच्यासाठी बाकीचे कागद कशाला बिघडवता? उद्या हेच नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर छापून येईल. पासपोर्टला जाल तेव्हा मुलगी एका रहिमानची आणि बाप दुसराच रहमान!"

लिपिकांचे म्हणणे नियमाला धरून होते. मूल शाळेत शिकत असेपर्यंत रजिस्टरमधली नावाची चूक शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने सुधारता येते. एकदा दाखला घेऊन मूल बाहेर पडले की तेच काम फार अवघड होऊन बसते. शाळेच्या बाजूने पुरावे, अर्ज, प्रतिज्ञापत्र, प्रस्ताव, जिल्ह्याच्या ऑफिसची खेप, हे सगळे आले. यात वेळ जातो. शिष्यवृत्तीची मुदत तेवढा वेळ थांबेल का, हे कुणीच छातीठोक सांगेना.

वडील दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रिक्षा शाळेच्या फाटकात लावून आले आणि म्हणाले, "माझ्या बापाने माझे नाव रहमान ठेवले. पैशांसाठी ते बदलायचे नाही. शाळेचे कागद सुधारा." मुलगी दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून आमच्यातल्या एका आपांना तिथे थांबवेना. बारा हजार तिने मिळवले होते, आणि निर्णय तिच्यावरून चालला होता. हे आम्हांला आजही टोचते. मग मुख्याध्यापकांनी तिला आत बोलावून विचारले, "तुला काय वाटते?" ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली, "सर, अब्बांचे नाव बरोबर करा. पण माझ्या वर्गातल्या सगळ्यांचीही नावे तपासा. माझ्यासारखे अजून कोणी असेल."

यंदाच्या सत्रातला सगळ्यात मोठा उपक्रम इथून सुरू झाला. कुठल्या परिपत्रकात तो नव्हता. नववी-दहावीच्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली एक आठवडा रोज मधल्या सुट्टीनंतर टेबल मांडले. प्रत्येकाने घरून आधार, जन्माचा दाखला, रेशन कार्ड आणि असेल तर बँकेचे पासबुक यांच्या झेरॉक्स आणायच्या. एक मूल रजिस्टरमधले नाव अक्षर-अक्षर मोठ्याने वाचणार, दुसरे आधारवरचे वाचणार, तिसरे फरक टिपणार. काम संपले की झेरॉक्स ज्याच्या त्याला परत, शाळेत एकही ठेवायची नाही, हा नियम मुलींनीच घातला.

फरक फक्त आमच्याच मुलांत निघाले असे नाही. गावातल्या इतर समाजांच्या मुलांतही निघाले : कुणाच्या आडनावाचा 'कर' गळलेला, कुणाच्या आईचे नाव माहेरचे. पण आमच्या मुलांत जास्त निघाले, हे खरे आहे. एका मुलाच्या आधारवर जन्माचे वर्षच चुकलेले होते. कबड्डीच्या वयोगटाच्या फॉर्मला त्याचाच घोळ झाला असता. बऱ्याच जणांचे पंधरा वर्षांनंतर करायचे बोटांच्या ठशांचे नूतनीकरण राहिले होते. काहींची बँक खाती आधारशी जोडलेली नव्हती, म्हणजे शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसे हवेतच राहिले असते.

आठवड्यात अम्मी लोकांची शाळेत जी गर्दी झाली, ती स्नेहसंमेलनालाही होत नाही. एका दादींनी पिशवीतून निकाहनाम्यापासून वीजबिलापर्यंत सगळेच कागद काढून टेबलावर ठेवले आणि सातवीतल्या नातवाला म्हणाल्या, "बघ बाबा, यातली खरी मी कुठली?" तीन कागदांवर त्यांची तीन नावे होती. मुले हसली, त्याही हसल्या. मग त्या मुलांनी त्यांना खुर्ची दिली आणि विधवा पेन्शनच्या कागदाशी आधार जुळवून पाहिले. ते मात्र जुळले.

वाचकांनी एवढे करावे. रविवारी दुपारी घरातले सगळे कागद चटईवर पसरा आणि मुलांनाच वाचायला लावा. जन्माचा दाखला बरोबर असेल तर बाकीचे त्याच्याशी जुळवा. नवीन मूल शाळेत घालताना नाव तोंडी सांगू नका, लिहून न्या. दहावीचे मूल असेल तर बोर्डाकडून शाळेत नावांची जी प्री-लिस्ट येते, तिच्यावर सही करण्याआधी मुलाने स्वतःचे, वडिलांचे आणि आईचे नाव इंग्रजी स्पेलिंगसह तपासावे. मित्राने सही केली म्हणून आपण करायची नाही.

त्या मुलीचे काय झाले, हे विचारणार म्हणून सांगतो. रजिस्टरच्या दुरुस्तीचा प्रस्ताव जिल्ह्याला गेला आहे. मुख्याध्यापकांनी सोबत पत्र जोडून शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या आत पुन्हा पुढे पाठवला. सुट्टी लागली त्या दिवसापर्यंत खात्यात पैसे आलेले नव्हते. वडील मुलीला सोडायला येतात तेव्हा ऑफिसच्या खिडकीतून नुसती मान हलवून विचारतात आणि लिपिकही मान हलवूनच उत्तर देतात.

सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात पाचवी-सहावीची नावे तपासायची आहेत. टेबलावर कोण बसणार याची यादी नोटीस बोर्डावर लागली आहे. तिच्यात पहिले नाव त्या मुलीचे आहे. तिने ते स्वतःच लिहिले आहे, 'रहमान', वेलांटी न देता.